राणीचा रंग कोणता?



या पानावर आपण आमच्याकडून पाचट, खोडवा, हुमणी आणि बेणे यांविषयीच वाचत आला आहात. खोडव्याचा लेख तयार आहे, तो पुढील अंकी येईलच. या वेळी मात्र मुख्य शेतकी अधिकारी साहेबांची परवानगी घेऊन आम्ही एका वेगळ्याच विषयावर लिहीत आहोत. विषय आहे जुन्या आगगाड्यांचा आणि इंजिनांचा खरा रंग. उसाशी याचा काय संबंध, असे कुणी विचारील. थोडा आहे, तो पुढे येईल. पण खरे कारण असे की, या विषयात आमच्या हातून एका वडीलधाऱ्या सभासदाचा चारचौघांत अवमान झाला, आणि त्या चारचौघांतले बरेच जण हे पान वाचतात.

गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या सुमारास बेणेप्रक्रियेची माहिती देण्यासाठी आम्ही सूस येथे गेलो होतो. सूसला आता ऊस तो किती राहिला! २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले. नांदे रस्त्याने जाताना इमारती मोजाव्यात की फड, तर फड मोजणे सोपे. तरी आठ-दहा सभासद जमले. माहिती झाली, चहा आला, आणि तेवढ्यात गावातल्या एका गणेश मंडळाची पोरे मोबाईल हातात घेऊन आली. बहुतेक आमच्या सभासदांचीच नातवंडे. त्यांचा त्या वर्षीचा देखावा होता 'दख्खनची राणी'. थर्माकोलला २०१८ पासून बंदी, म्हणून सगळे काम प्लायवुड आणि पुठ्ठ्याचे. सांगाडा झाला होता. पुढे धुराड्याचे इंजिन, मागे डबे. रंग तेवढा राहिला होता आणि त्यावरून मंडळात दोन तट पडले होते. कुणाला लालभडक इंजिन हवे होते. कुणी म्हणे डबे निळे-पांढरे करा, लहानपणापासून आपण तेच पाहिले.

बसलेल्यांत आबा होते. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ते वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले. निवृत्तीनंतर शेती. घरच्या जमिनीतली वीस गुंठे अजून उसाखाली आहे, तीही त्यांच्या हट्टाने. ते म्हणाले, "माझा बाप खडकीला दूध घालायचा. रुळाच्या कडंला उभं राहून त्यानं राणी बघितलेली. तो सांगायचा, चांदीची गाडी व्हती."

पोरे हसली. एक म्हणाला, "आबा, चांदीची गाडी परीच्या गोष्टीत असती."

तात्यांनी मध्येच वेगळाच सूर लावला. "आमचं आजोबा निळी म्हणायचे. चांदीची न्हाई."

आता सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. साहेब शिकलेले, साहेब सांगतील. एका पोराने मोबाईलवर जुना कृष्णधवल फोटो काढून दाखवला. डबे स्पष्ट फिकट दिसत होते. आम्ही चष्मा लावला आणि निकाल दिला, "हे बघा, फोटो खोटं बोलत नाही. डबे पांढरे आहेत. निळे नाहीत आणि चांदीचे तर नाहीतच." पोरे खूश झाली. आबा काही बोलले नाहीत. टोपी उचलली आणि उठून गेले. चहा अर्धा तसाच राहिला.

घरी आल्यावर ती टोपी काही डोळ्यांपुढून हलेना. जेवताना समोरच्या भिंतीवर आमच्या आजीचा फोटो आहे. जुना, स्टुडिओत काढलेला. आजी मोठे लाल कुंकू लावत असे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. फोटोत ते कुंकू डांबरासारखे काळे दिसते. इतकी वर्षे रोज पाहतो, पण त्या रात्री पहिल्यांदा मनात आले की, लाल कुंकू काळे दिसते तर निळा डबा कसा दिसेल?

मग आम्ही वाचायला लागलो. शेतकी पदविकेच्या वेळीही इतके वाचले नव्हते.

गोष्ट अशी आहे. फोटोच्या अगदी जुन्या काचांना फक्त निळा-जांभळा उजेड कळत असे. १८८० नंतरच्या दशकांत ज्या काचा आणि फिल्मा आल्या त्यांना हिरवा-पिवळाही कळू लागला, पण लाल कळत नसे. म्हणून तर फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालायचा; तो काचेला दिसतच नसे. जे काचेला दिसत नाही ते फोटोत काळे उमटते, आणि जे फार दिसते ते पांढरे. म्हणजे लाल रंगाचे इंजिन जुन्या फोटोत काळे होणार आणि निळ्या रंगाचा डबा फिकट होणार. सगळे रंग ओळखणारी फिल्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली, पण जुनी फिल्मही पुढे कित्येक वर्षे वापरात होती. मग एखाद्या फोटोतला फिकट डबा पांढरा, की चंदेरी, की निळा? नुसत्या फोटोवरून कुणी सांगू शकणार नाही. आम्ही तर चहाच्या कपावर हात ठेवून सांगून मोकळे झालो होतो.

त्याहून मोठी गंमत इंजिन बनवणाऱ्या कारखान्यांची. विलायतेतले कारखाने आपल्याकडे पाठवायच्या इंजिनाचा फोटो काढण्यापूर्वी त्याला मुद्दाम राखाडी रंग देत. हेतू हा की फोटोत प्रत्येक खिळा-पट्टी नीट दिसावी, चकाकी येऊ नये. फोटो झाला की खरा रंग. म्हणजे इंजिनाचा जो सगळ्यात सुरेख, सगळ्यात स्पष्ट फोटो, तोच रंगाच्या बाबतीत सगळ्यात फसवा.

आता राणीकडे येऊ. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे अशी सुरू झाली. तेव्हा ही लाईन जी.आय.पी. रेल्वेची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात बनले, वरची घडण आपल्या माटुंग्याच्या वर्कशॉपात झाली. आणि रेल्वेने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे की सात-सात डब्यांचे दोन संच होते. रेल्वेवाले त्याला रेक म्हणतात. एक रेक चंदेरी, त्याला लाल पट्ट्या. दुसरा राजेशाही निळा, त्याला सोनेरी रेघा.

म्हणजे आबांचे वडील बरोबर होते आणि तात्यांचे आजोबाही बरोबर होते. चुकीचे एकटे आम्ही.

चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी वार्निशात कालवलेली. पत्र्याच्या टाकीला, विजेच्या खांबाला देतात तसाच. पण नव्या कोऱ्या गाडीला तो लावून ती सकाळच्या उन्हात खडकीच्या रुळावरून गेली, तर दुधाच्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तिला चांदीची म्हणू नये तर काय म्हणावे?

आम्ही पुन्हा सूसला गेलो. आबा सरीत बेणे मांडत होते. बांधावर उभे राहून सगळे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी हातातली टिपरी खाली ठेवली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हंजी बाप खोटं बोलत न्हवता." मग लगेच, "सायेब, हे बेणं कशात बुडवायचं ते तुमी त्या दिशी सांगितलं, ते मी ऐकलं न्हाई. परत सांगा." आम्ही परत सांगितले.

आता पोरांच्या इंजिनाचा प्रश्न. त्याला धुराडे होते, आणि राणीला तर पहिल्या दिवसापासून विजेचे इंजिन. घाटासह पुण्यापर्यंतची लाईन तेव्हा नुकतीच विजेवर आली होती. त्याच सुमाराची घाटातली मालगाडीची इंजिने थांबलेली असताना एक विचित्र कण्हल्यासारखा आवाज काढीत, लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. धुराचे यंत्र आणलेल्या पोरांचा हिरमोड झाला. शेवटी आबांनीच तोड काढली. राणीला विजेचे इंजिन करा, आणि धुराड्याचे आहे ते सोलापूरकडच्या गाडीला जोडून बाजूला उभे करा. "ते मी सांगतो कसं रंगवायचं. ते माझं हाय."

त्या इंजिनाला पोरांनी टोकदार नाक केले होते. म्हणजे डब्ल्यू.पी. जातीचे. ही इंजिने पहिल्यांदा १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आली. नाकावर तारा असे. आमच्या पिढीतल्या ज्यांनी लहानपणी वाफेची गाडी पाहिली त्यांना तो तारा आठवेल. ब्रॉडगेजवरचे वाफेचे राज्य १९९५ साली संपले.

"रंग काळा," आबा म्हणाले. पोरांनी काळ्याचे दोन डबे आणले. आबांनी विचारले, "कोणचा काळा?"

इथे आम्हांला जे शिकायला मिळाले ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. पुढची धूरपेटी आतून एवढी तापते की तिच्यावर साधा रंग टिकतच नाही. तिला तेलात कालवलेले ग्राफाईट चोळायचे. तो काळा मंद, चुलीच्या तव्यासारखा. मागच्या बॉयलरवर पत्र्याचे आवरण असते, आत उष्णता धरणारा थर, त्यामुळे त्याचा रंग टिकतो. तो काळा चकचकीत. चाके-दांडे यांचा काळा तेलकट. पुढची आडवी तुळई लाल, म्हणजे लांबून दिसावी. "रंगारी यायचा त्याच्या टायमाला. रोजचा रंग आमचा. चिंधी, रॉकेल अन् तेल. ज्याचा ड्रायव्हर हौशी त्याच्या इंजिनात तोंड दिसायचं."

इंजिने काळीच का? कोळशाचा धूर हे एक कारण आहेच. पण काजळीचा काळा स्वस्त असतो, उन्हाने विटत नाही, धुराने बदलत नाही. हिरव्याची गोष्ट तशी नाही. जुना इंजिनहिरवा हा पिवळ्या क्रोममध्ये प्रशियन निळा मिसळून करीत. जुन्या रंगांत शिसे फार, आणि कोळशाच्या धुरात गंधक. दोघांची गाठ पडली की रंग काळवंडतो. वरचे जवसाच्या तेलाचे वार्निश जुने झाले की पिवळे पडते, आणि पिवळ्याखालून निळा हिरवा दिसतो. म्हणजे रंग खरा, डोळे खरे, तरी साक्ष खोटी. विठोबाला कुणी काळा म्हणते, कुणी सावळा, कुणी निळा; मूर्ती तीच.

लिहून ठेवलेल्या नावाचाही भरवसा धरू नये. इंग्लंडात १८७० नंतर ब्रायटनच्या रेल्वेवर स्ट्राउडली नावाचे मोठे इंजिनियर होते. त्यांनी इंजिनांना जो रंग ठरवला त्याचे नाव 'सुधारित इंजिन हिरवा'. प्रत्यक्षात तो होता हळदीकडे झुकणारा पिवळा! नुसते दप्तर वाचून कुणी ते इंजिन हिरवे रंगवले तर काय करणार? आपल्याकडे सातबाऱ्यावर 'जिरायत' आणि शेतात ठिबक, त्यातला हा प्रकार.

मग खात्री करायची कशी? मूळ इंजिन जागेवर असेल तर रस्ता आहे, आणि तो आपल्याला ओळखीचा आहे. शेंदरी मारुती पाहा. वर्षानुवर्षे शेंदराचे थर चढत जातात, मग एखाद्या दिवशी कवच गळून पडते आणि आतली मूर्ती दिसते, तिचे डोळे, तिची शेपटी. इंजिनाचेही तसेच. एक रंग उतरवून दुसरा देण्याऐवजी वरून वर देत गेलेले असतात. जाणकार माणूस एका टीचभर जागी पॉलिश पेपरने हळूहळू घासतो. मधोमध खोल, कडेला उथळ. मग झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी रंगांची कडी दिसतात. वर काळा, खाली हिरवा, त्याखाली राखाडी अस्तर, आणि अगदी लोखंडालगत लाल. माती परीक्षणासाठी आम्ही खड्डा घेतो आणि त्याच्या भिंतीवर थर वाचतो, हेच ते काम. जागाही निवडावी लागते. उघड्यावरचा पत्रा उन्हाने खाल्लेला असतो. नंबरपाटीच्या मागे, कठड्याच्या बैठकीखाली, जिथे ऊन-धूर पोचला नाही तिथे पहिला रंग जपलेला सापडतो.

त्या तळच्या लाल थराविषयी एक सूचना, ती मात्र कृपया मनावर घ्यावी. तो बहुधा शिशाचा शेंदूर असतो. जुन्या लोखंडी चरकाला, गेटला, बैलगाडीच्या लोखंडाला हाच अस्तर म्हणून देत. आपल्या घरी असे काही जुने असेल आणि नवा रंग द्यायचा असेल तर कोरडे खरवडू नका, धूळ उडवू नका, लहान मुले जवळ ठेवू नका. पाणी मारून ओले घासा. शिसे पोटात गेले तर मुलांच्या मेंदूला इजा करते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावे असा कायदा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, पण त्याआधीचे डबे अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत.

थर सापडले तरी काम संपत नाही. कोणता थर खरा? इंग्लंडातले 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे १९२३ सालचे इंजिन जगप्रसिद्ध. ते पोपटी हिरवे होते, युद्धात काळे झाले, नंतर गडद हिरवे. दुरुस्ती होऊन २०१६ साली ते पुन्हा धावले तेव्हा लोकांना तो पोपटी हवा होता, पण दिला गडद हिरवा. कारण इंजिनाला आता जे जोडधुराडे आणि धूर वर लोटणारे पत्रे आहेत ते नंतरच्या काळातले. रेल्वेच्या मूळ सेवेत त्यांच्याबरोबर पोपटी रंग कधी नव्हताच. तेव्हा आधी साल विचारायचे, मग रंग. खताचा हप्ता विचारणाऱ्या सभासदाला आम्ही आधी लागणीची तारीख विचारतो, तसेच.

उसाशी संबंध सांगतो म्हटले होते. माथेरानच्या छोट्या गाडीची सुरुवातीची वाफेची इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची. ती लाईन आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. याच कंपनीची छोटी इंजिने जावा बेटावरच्या साखर कारखान्यांत ऊस ओढत होती, त्याच जावात जिथून आपल्याकडे पी.ओ.जे. २८७८ ऊस आला. जुन्या सभासदांनी तो लावलेला असेल. तिथे बॉयलरमध्ये बगॅस जाळून इंजिने अगदी अलीकडेपर्यंत चालली, आणि प्रत्येक कारखान्याने आपापल्या मर्जीने ती हिरवी, पिवळी, लाल रंगवली. तिथे 'खरा रंग' कोणता, तर त्या हंगामात रंगाऱ्याकडे जो डबा होता तो. हेही खरेच म्हणायचे.

मंडळाच्या पोरांना घेऊन आम्ही एका रविवारी कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलो. १९९८ पासून ते आहे. सूसपासून लांब नाही, सभासदांनी मुलांना जरूर दाखवावे. पोरे चालत्या गाड्या बघत राहिली. आम्ही रंग बघत होतो. लहान प्रतिकृती करणारांचा एक अनुभव आहे की, मोठ्या गाडीचाच रंग लहान गाडीला जसाच्या तसा दिला तर तो जास्त गडद वाटतो. लांबची टेकडी जवळच्या टेकडीपेक्षा फिकी दिसते ना, तसा लांबून पाहिल्याचा भास आणायला रंगात थोडा पांढरा घालावा लागतो. पोरांना हे लगेच पटले. आमचे पाचटाचे म्हणणे इतक्या लवकर कधी पटले नाही. असो.

मांडवात मात्र दिव्यांनी घोळ घातला. पांढऱ्या एल.ई.डी.खाली निळा रेक झकास दिसे आणि चंदेरीवरच्या लाल पट्ट्या मेल्यासारख्या दिसत. पिवळे दिवे लावले तर उलटे. आबा म्हणाले, "गाडी दिवसाची हाय, दिवसाचा उजेड आणा." शेवटी दोन्ही प्रकारचे दिवे मिसळून लावले. सात-सात डब्यांना जागा नव्हती, तीन-तीन केले. एक रेक येणारा, एक जाणारा. चंदेरी रेकच्या बाजूला पोरांनी रुळाकडेला दुधाची घागर घेतलेला एक पुठ्ठ्याचा माणूस उभा केला. ते आम्ही सुचवले नव्हते आणि आबांनीही नाही.

काळे इंजिन मात्र पोरांना शेवटपर्यंत खटकत होते. एवढी मेहनत आणि रंग काय, तर काळा! त्यांनी तारा चंदेरी केला, आकडे पिवळे केले, तुळई लाल केली, तरी समाधान होईना. आरतीच्या आदल्या रात्री आम्ही गेलो तेव्हा आबा मांडवात एकटेच होते. हातात जुन्या धोतराची चिंधी, बाजूला वाटीत थोडे गोडे तेल. ते प्लायवुडच्या बॉयलरवर लांब लांब हात मारीत होते, मागून पुढे, मागून पुढे.

पोरांतला एक धावत आला. "आबा, लाकडाचं हाय ते. रंग निघंल."

"वाळलाय," आबा म्हणाले, आणि पुसतच राहिले. बॉयलरमध्ये मांडवाचे दिवे दिसायला लागले. धूरपेटीला मात्र त्यांनी हात लावला नाही.